माशी

गिरडच्या बाजारगल्लीत, पंक्चरवाल्याच्या शेजारी
इद्रिस मिस्त्रीनं आमची तीनशे पंधरा वाइसमध्ये धरली,
जबड्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून,
औषध पाजताना लेकराची हनुवटी धरतात तशी.

नळीवरची माशी तुटली त्याला दोन हंगाम झाले.
बाबा तेव्हापासून अंदाजानंच मारायचे.
डुकरं तुरीतून सावकाश निघून जायची,
एकदा तर दौलत कोराम्याच्या टाकीलाच भोक.

नवी माशी जबलपूरहून आली, पितळी मण्याची.
खाचेत ढिली.
मिस्त्रीनं चुन्याच्या डबीचा पत्रा कातरला,
केसाएवढा, खाली सारला.
पितळी पंचावर तीन ठोके. चौथा मारला नाही.

नाल्याच्या दरडीला कागद.
पहिली गोळी वीतभर डावीकडं.
मी म्हटलं, मग माशी उजवीकडं घ्या.

"नाही पोरी, डावीकडंच.
मांगची पाटी ऐकते तुह्यं, समोरची नाही ऐकत.
माशी चुकीच्या मांगं मांगं जाते,
तवा कुठं चूक सरते."

आणखी एक ठोका. मग कानस, दोनदाच,
कारण घासलेलं परत येत नाही.
पाचवी गोळी कागदाच्या मधोमध.

बाबांनी रायफल खांद्याला लावली.
खूप वेळ लावूनच ठेवली.
चाप ओढला नाही.

"मले तं मणी दोन दिसतात,"
म्हणाले, आणि रायफल माझ्याकडं दिली,
बोटाला लागलेला पितळेचा भुगा
धोतराला पुसत.