धुतलेले नकाशे

फोर्टातल्या या तिसऱ्या मजल्यावर
हवेतला दमटपणा मी रोज दोनदा वहीत लिहिते.
सकाळी अठ्ठावन्न, चार वाजता एकसष्ट.
समुद्र कुठूनही आत येतो,
त्याला खिडकी लागत नाही.

इथे शाईचं पेन बंद. फक्त पेन्सिल, तीही मऊ.
ऐंशी वर्षं गोल राहिलेल्या कागदाला
एका दुपारीत सरळ हो म्हणता येत नाही.
चार कोपऱ्यांवर वाळूच्या पुरचुंड्या ठेवायच्या,
मग बसायचं.

नवलकर आणि मंडळी, वास्तुशिल्पी, गिरगाव.
पत्र्याच्या दोन ट्रंका, त्र्याण्णव गुंडाळ्या.
काही कसरीनं चाखलेल्या.
एकीच्या पोटात सिमेंटचं बिल,
अजून कुणी न चुकवलेलं.
दादर, माटुंगा, पार्ले.
जहाजाच्या कठड्यासारख्या गोल बाल्कन्या,
दारावर सिमेंटचा अर्धा सूर्य,
आणि मोरीचा उतारसुद्धा मोजून: फुटाला पाव इंच.
खाली उजवीकडे नवलकरांची ऐसपैस सही.
तिच्या पायाशी, मुंगीएवढं, ग. ति.

कोण हा ग. ति.? कुठल्याच कागदावर पूर्ण नाव नाही.
पण त्याचा सात मी ओळखायला लागले,
मान जरा पुढे काढलेला.
आणि जिने.
जिन्यावरचा बाण तो असा ओढायचा
की वाटावं, आधी स्वतः दोन पायऱ्या चढून आलाय.

यादी जुळवताना तीन नकाशे कमी भरले.
शकुंत निवास, हिंदू कॉलनी.
शेरा मारला: गहाळ.
इमारतही गहाळच म्हणा,
गेल्या मार्चात पाडली, आता तिथे
पत्र्याचं कुंपण आणि बावीस मजल्यांचं चित्र.

मग एका मंगळवारी कुमुदिनी बांदिवडेकर आल्या.
वय ब्याऐंशी. लिफ्ट बंद होती, तरी आल्या.
"गजानन तिरोडकरांचे नकाशे तुमच्याकडे आहेत म्हणे.
मी त्यांची थोरली."
आणि कापडी पिशवीतून काढलं एक झबलं.
बंद तुटलेले, काखेत ठिगळ.

"तेव्हा नकाशे कापडावर काढत.
खळीचं, तुकतुकीत कापड.
इमारत उभी राहिली की ऑफिसला ती रद्दी.
आई रात्रभर भिजत घालायची,
सकाळी बादलीत पेज, आणि हातात ही मलमल.
युद्धाचे दिवस, कापड रेशनवर.
आम्ही तिघी बहिणी बाबांच्या इमारती घालून वाढलो."

उजेडाच्या पेटीवर झबलं पसरलं.
पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, करडं, पुसट:
नऊ पायऱ्या, वळण, नऊ पायऱ्या,
आणि गळ्याकडे चढत जाणारा बाण.

संगणक विचारत होता, प्रकार?
नकाशा किंवा वस्त्र, एकच निवडा.
मी कागदी वही ओढली.
लांबी छत्तीस सेंटिमीटर.
प्रमाण, इंचाला आठ फूट.
डाग: बहुधा दुधाचे. काढू नयेत.
रेखाटन: गजानन तिरोडकर, पूर्ण नाव, पहिल्यांदाच.
पेन्सिल थांबली तशा त्या म्हणाल्या,
"आणि आईचं? धुतलं तिनं, शिवलं तिनं.
मनोरमा लिहा."
लिहिलं.

जुना शेरा खोडायचा नसतो, तो नियम आहे.
'गहाळ'वर एक बारीक रेघ मारून
शेजारी लिहिलं: तीनपैकी एक सापडला.
"बाकीचे दोन?" मी विचारलं.

"धाकट्यांनी फाडले," त्या म्हणाल्या.
"एक इमारत धड टिकू दिली नाही त्यांनी."
आणि टेबलाखाली काठी शोधू लागल्या.