पायाला माती

मगदूम सर फळ्यावर फारसं लिहीत नसत.
खडू बोटांत फिरवत विचारायचे,
"डोंगरावर धूर दिसतोय. मग काय?"
मागच्या बाकावरून कुणीतरी, "विस्तव, सर."
"आणि तो धूरच कशावरून?"
बेळगावातली सकाळची पावणेआठची वेळ
धुकं घेऊन खिडकीशी उभी असायची.

मी खानापूरची.
धूर आणि धुकं मला नाकानं कळतं.
आमच्या कौलांच्या भट्टीत काजूची टरफलं जळतात,
तो धूर घशाला चिकटतो,
धुकं नुसते केस ओले करून जातं.
हे मी उत्तरपत्रिकेत लिहिलं नाही.
लिहिलं: हेतू, व्याप्ती, हेत्वाभास.
पंचाहत्तरपैकी एकाहत्तर.

त्याच उन्हाळ्यात भट्टीवरून
आठवड्याच्या पगाराचा डबा गेला.
ऑफिसच्या फरशीवर लाल पावलं, दारापर्यंत.
दाराबाहेर सगळं आवारच लाल.
वैजू मुकादम कमरेवर हात ठेवून म्हणाला,
"चोराच्या पायाला माती.
निंगाप्पाच्या पायाला माती.
आणि काय सांगायचं आता?"
चाळीस माना हलल्या.
दोन खऱ्या गोष्टी शेजारी बसवल्या
की तिसरी आपोआप खरी वाटते,
दोन पाहुण्यांच्या मधून मांडवात शिरून
पंगतीला बसलेल्या आगंतुकासारखी.

मला दिसत होतं.
पुस्तकात, डाव्या पानावर, खालच्या चौकटीत:
सगळी गाढवं चार पायांची,
आमचं टेबल चार पायांचं.
मी बाबांच्या खुर्चीमागे उभी होते.
बाबा तिथले दिवाणजी.
डब्याची किल्ली त्यांच्या कडदोऱ्याला असायची.
हे एक विधान अजून कुणी मांडलं नव्हतं.
मीही मांडलं नाही.
तोंड उघडलं तर विचार कुठवर जाईल
हे मला एकाहत्तर गुणांइतकं स्पष्ट होतं.

मग फकीरव्वा उठली.
साच्यातून ओली कौलं काढणारी,
शिव्या कन्नडात, हिशोब मराठीत,
सहीच्या जागी अंगठा.
लुगडं घोट्याच्या वर धरून
तिनं पुसलेल्या फरशीवर एक पाऊल ठेवलं,
मग दुसरं.
"नोड्री. माझ्या बी पायाला हाय. धरा मला."
तिच्यामागून सोमण्णा, त्याच्यामागून हुसेन,
मग पोरं, नुसती मजा म्हणून.
फरशी अशी भरली
की चोराचं पाऊल कुठलं
ते आता कुणालाच सांगता येईना.
पुरावाही गेला त्यात. तेही खरं.

डबा सापडला नाही.
निंगाप्पा सोमवारी अळणावरच्या गाडीत बसला.
निष्कर्ष मोडला म्हणून
माणूस परत येतो असं नाही.

सरांना हे सांगितलं त्याला वीस वर्षं मध्ये गेली.
बेडकिहाळला, त्यांच्या सोप्यात,
तंबाखूच्या वासात.
दिवस मावळायच्या आत जेवून घ्या म्हणून
आतून दोनदा हाक आली.
"मांडणी चुकली होती, ते तुला कळलं," सर म्हणाले.
"त्याचे गुण मी दिले होतेच."
पुढचं बोलले नाहीत.
पानात भाकरी वाढून झाल्यावर मात्र म्हणाले,
"त्या बाईचं नाव काय म्हणालीस?"

परतीच्या बसमध्ये शेजारचा माणूस
मोबाइल खिशात ठेवत म्हणतो,
"बाई, तुम्ही इकडचे की तिकडचे?"
एक तर आहे, नाही तर नाही,
मधलं काही नसतं:
हे मीच शिकवते आता, पहिल्या वर्षाला.
फळ्यावर मी मात्र खूप लिहिते.
"इकडचे म्हणजे, कुठे उभं राहून?" मी विचारलं.
तो हसला, पिशवी मांडीवर घेऊन
थोडा सरकून बसला.

वंटमुरीच्या घाटात, दिवेलागणीला,
डोंगरावर काहीतरी पांढरं चढत होतं.
पुढच्या सीटवरची पोरगी ओरडली, "आग!"
मी काच सरकवली
आणि आधी वास घेतला.