डावीकडची उलांडी

तिसऱ्यांदा तोच नंबर आला तेव्हा
माझे दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फात,
बांगड्याच्या लिलावाने जेटी तापलेली.
आधीचे दोन मी कोपरानेच कट केले.
म्हटलं, कर्जवाले असणार,
त्यांना देवगडात माझ्याशिवाय कोणी सापडत नाही.

शेवटी सुहासने फोन माझ्या कानाला धरला.
"शालन कुबल का? मी 'सात वाव'चं काम करतो.
चित्रं माझी असतात."

आता तुम्हाला 'सात वाव' माहीत नसेल
तर कसं सांगू.
दर चार महिन्यांनी बत्तीस पानं.
माणक्या पाणबुड्या, एका दमात सात वाव खाली जाणारा,
त्याची आंधळी बहीण, जी वर दोरी धरून बसते
आणि दोरीच्या थरथरीवरून खालचं सगळं ओळखते,
आणि तो मेणाचा कप्तान, ज्याला उन्हात येता येत नाही.
अकराव्या अंकापासून माझ्याकडे सगळे आहेत.
सुकटीच्या डब्याशेजारी ठेवला म्हणून
पंधरावा अजून वास मारतो.
पहिले दहा मी फक्त ऐकलेत,
कणकवली स्टँडवरच्या स्टॉलवाल्याच्या तोंडून,
उभ्याने, गाडी सुटेपर्यंत.

मी पत्र लिहिलं होतं. दीड पान.
कौतुक अर्धी ओळ, बाकी भांडण:
एकतिसावा अंक, पान सव्वीस,
माणक्याच्या होडीची उलांडी उजवीकडे काढलीय.
आमच्याकडे ती डावीकडे असते.
उजवीकडे असेल तर जाळं ओढायचं कुठून, तुमच्या डोक्यावरून?
ही शेवटची ओळ मी खोडली होती,
पण वाचता येईल अशी.

"वाचली," तो म्हणाला.
"मी औशाचा. आमच्याकडे पाणी टँकरमधून येतं.
समुद्र मी आधी काढला, मग पाहिला."

आणि मी?
सात वर्षं या माणसासाठी प्रश्न साठवले होते.
मेणाचा कप्तान खरंच वितळला का.
बहिणीने दोरी सोडली, की सुटली.
तेराव्या अंकात माणक्याच्या हाताला सहा बोटं,
ती चूक की खूण.
सगळे जिवंत बांगड्यासारखे हातातून निसटले.
मी विचारलं, "जेवलात?"
सकाळचे सव्वासात वाजले होते.

तो हसला नाही. "अजून नाही. रात्रभर पानं काढतोय.
उलांडीला होडीशी जोडणारी ती आडवी लाकडं,
किती असतात?"
"दोन."
"ठोकतात?"
"बांधतात. सुंभाने. ठोकली तर लाटेत मोडतील,
तिला जरा हलू द्यावं लागतं."
पलीकडे पेन्सिल चालली होती.
देवाशप्पथ, त्या सगळ्या गलक्यात
मला ती खरखर ऐकू येत होती.
माझी दोन टोपली कोणी कितीला नेली,
अजून माहीत नाही.

तेहतिसावा अंक एसटीच्या पार्सलने आला,
पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या दोन प्रती.
उलांडी डावीकडे! सुंभाचे वेढेसुद्धा मोजता येतात.
आणि शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याखाली,
मुंगीएवढ्या अक्षरात:
होडीबद्दल आभार, शालन कुबेर, देवगड.

कुबेर.
दुसऱ्या दिवसापासून जेटीवर उधारीला रांग.
"कुबेरीण इली गो! वायच पाचशे दी!"
आई म्हणाली, "लगीन न करताच आडनाव बदललंस?"
एक प्रत सुहासने वाचली
आणि मांदेलीच्या तेलाची बोटं उठवून परत दिली.
दुसरीला मी कोणाला हात लावू देत नाही.
रात्री दिव्याखाली होडीच्या पानावरून बोट फिरवलं,
शाई किंचित उठून आलेली,
दोरीसारखी.

मग पान एकोणीस.
शीड उजवीकडे फुगलंय
आणि बहिणीचे केस डावीकडे उडतायत.
एका होडीत दोन वारे!

मी उठले, कागद शोधला.
या वेळी कौतुक पूर्ण एक ओळ लिहिणार आहे.