२९७

आमच्या ड वर्गाच्या वाचनालयात,
उदगीरला, किल्ल्याकडं वळायच्या आधी,
दोनशे सत्त्याण्णव या आकड्याखाली
वीतभर जागा होती आणि दोन पुस्तकं.
एकाला पहिली बावीस पानं नव्हती.
दुसऱ्याची पानं वरून जोडलेलीच,
कुणी चाकू लावला नव्हता एकोणीस वर्षांत.

अनुदान आलं मार्चअखेर, नेहमीसारखं,
चार दिवसांत खर्च दाखवा म्हणून.
मी गेले चौबाऱ्याला,
वजीहोद्दीन जिल्दसाजांकडं, खळीच्या वासात.
म्हटलं, इस्लामवर काय काय घेऊ, सांगा.
धर्माचं, विचाराचं, इतिहासाचं.
पंचवीसशे रुपये आहेत.

हसले नाहीत. चष्मा पुसला.
"कुणासाठी घ्यायलाव, लामतुरे बाई?
कपाटासाठी का माणसासाठी?"

मग वीजबिलाच्या पाठीवर
उजवीकडून चालायची सवय असलेला हात
माझ्यासाठी डावीकडून निघाला,
अडखळत, प्रत्येक शब्दाची शिरोरेघ
टाका घातल्यासारखी शेवटी ओढून घेत.

पहिलं नाव एका चोपड्याचं. चाळीस पानी.
"जाड पुस्तकं मागून.
आधी हात कसे धुवायचे ते वाचा.
आन् पाणी नसलं तर काय, तेबी यात आहे:
कोरड्या मातीवर तळवे टेकायचे,
तोंडावरून फिरवायचे, हातांवरून फिरवायचे, झालं.
आपल्याकडं आठव्या दिवशी नळ.
माझ्याजवळच्या चोपड्यात
हेच पान सगळ्यात मळकं."

दुसरं वारसांच्या वाटण्यांचं.
"हे गणिताच्या कपाटात ठेवलं तरी चालंल.
माझ्या बहिणीनं वाचलं
आन् अडीच गुंठे मागितले. दिले.
रडत दिले, तेवढं मनात ठेवा."

तिसरं तत्त्वज्ञांचं.
"मला कळलं नाही. दोनदा बांधलं,
दोन्ही वेळा मधूनच वाचलं.
एकजण म्हणतो, अक्कल त्यानंच दिली,
तर तिला भ्यायचं कशाला.
दुसरा म्हणतो, भ्या.
दोघंबी पाच वेळचे नमाजी. घ्या."

मग इतिहास.
इथं ते थांबले. सुई ओवली,
दोरा मेणातून ओढला, पुन्हा ओढला.
"अठ्ठेचाळीसचं पुरतं कुणीच लिहिलं नाही, बाई.
माझ्या बापानं पेटीभर कागद आडात टाकले.
त्याच्या आधी तुमच्या आजोबांनी
किती राती रानात काढल्या, ते मला ठाऊक हाय."
बाहेर कुणीतरी बर्फाची लादी फोडत होतं.
"दोन घ्या. शेजारी ठेवू नका, भांडतील.
नाही, ठेवा. शेजारीच ठेवा.
रात्री कुलूप तर लावूनच जाता."

कार्यकारिणीत कुणी विचारलं, एवढी कशाला?
आकडा रिकामा होता, म्हटलं. चहा आला, विषय संपला.

वीतभर जागा हातभर झाली.
पहिलं पुस्तक नेलं स्पर्धा परीक्षेच्या पोरानं:
"यावर दोन मार्कांचं येतं, मॅडम."
पंधरा दिवसांनी आणून दिलं,
वाटण्यांच्या पानात
निलंगा गाडीचं तिकीट ठेवून.
परीक्षेत ते येत नाही, मला माहीत आहे.
बहिणी किती, विचारलं नाही.

एप्रिलात जिल्दसाज स्वतःच आले, घामाघूम.
"बाई, ती यादी द्या जरा.
लाइट कापली. बिल तिच्याच पाठीवर हाय."

मी यादी उतरवून घ्यायला लागले.
ते म्हणाले, उतरवू नका, भरून आणून देतो.
आणि संध्याकाळी खरंच आणून दिली.
कारकुनाचा गोल निळा शिक्का,
'रक्कम मिळाली',
कागदाला पाझरून पाठीवर उमटलेला,
नेमका चौथ्या ओळीवर.

दाखलनोंदीच्या वहीत जपून ठेवली आहे.
शिक्क्याखालची दोन नावं अजून लागतात,
कागद खिडकीकडं तिरपा धरला की.