घेवड्याचे दाणे

बालाकाच्या बाजारातून आम्ही किलोभर घेवडा आणला,
शिजवायला नाही, मोजायला.
प्रश्न मी वाचायचा. उत्तर तोंडाने द्यायचं नाही;
जितके, तितके दाणे वाटीत टाकायचे
आणि तोवर मी आंब्याकडे तोंड करून बसायचं.

पाठीलाही कान असतात
हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

सायकल-टॅक्सीवाला ग्रेशियन, वय चोवीस,
ओंजळच उपडी करतो. खळ्ळ.
मग कुंपणापाशी उभ्या दोस्तांकडे बघत असणार,
कारण थोडं थांबून
वर आणखी दोन पडतात, तुरा म्हणून.
चर्चमध्ये गाणारी लोनेसी
एकच दाणा ठेवते, इतका हळू
की वाटीलाही पत्ता लागू नये.

झोंबाच्या कचेरीत कुंबातिरासाहेब कोष्टक मांडतात.
पुरुषांची सरासरी सात, बायकांची दोन.
गाव तेच, रात्री त्याच.
"मग या वरच्या पाचजणी," ते चष्मा पुसत विचारतात,
"राहतात तरी कुठे? त्यांनाही गाठायला हवं."
सगळे हसले. मीही हसले.
परतीच्या मिनीबसमध्ये मात्र
त्या पाचही माझ्या शेजारी दाटीवाटीने बसल्या होत्या,
तिकीट न काढता.

अबिती म्सुसा. कार्डावर एकाहत्तर, स्वतःच्या हिशेबाने साठ.
दाणे मुठीत धरून बराच वेळ गप्प.
"पोरी, कोणते धरू?
ज्याचं तोंडच आठवत नाही, तो?
दुष्काळात मक्याची गोणी घेऊन आला होता, तो?
नवरा धरायचा का? त्याला मी हो कधी म्हटलंच नव्हतं.
आणि एक होता, मलोंबे तळ्याकाठी मासे सुकवायचा.
आमच्यात काही झालं नाही.
त्याचा अर्धा दाणा चालेल?"

नियमावलीत अर्धा दाणा नाही.
मी आंब्याकडे बघत राहिले.

टक्. टक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टकटकटक, फारच भरभर.
वळले, तर वाटीत चार
आणि कोंबडी जमिनीवर चोच पुसत होती.
"हिने किती खाल्ले?"
अबिती बोळकं उघडं टाकून हसत सुटली,
उत्तर काही दिलं नाही.

मी चार लिहिले.
शेऱ्याचा रकाना कोराच सोडला.

रात्री विश्रामगृहावर उरलेला घेवडा शिजवला,
वाट्यांमधला, पिशवीतला, सगळा एकाच पातेल्यात.
मीठ जरा कमी पडलं होतं.