उणे एकेचाळीस

याकुत्स्कच्या बाजारात गोठलेले मासे
सरपणासारखे उभे, त्यांच्यामागे माझी आई, तुयारा.
फोन बेचाळीस टक्क्यांवर होता;
हातमोजा काढून नंबर लावेपर्यंत मेला.

घरी येताच मी चार्जर पुढे केला,
नवाकोरा, अर्ध्या तासात काठोकाठ भरणारा.
तिनं तो काढूनच घेतला हातातून.
'थांब. हाडापर्यंत गारठलंय ते.
माझ्या बापाची बोटं अशीच घाईनं
कुणीतरी शेगडीवर धरली होती.'

मग फोन काखेत धरून बसून राहिली.
चहा निवला.
काच ओलावली, ती बाहीनं पुसली,
पुन्हा काखेत.

भिंतीवरच्या फोटोत आजोबांचे
दोन्ही हात खिशात आहेत.

बऱ्याच वेळानं म्हणाली, आता लाव.
तो जुनाच लाव, हळू चालणारा.
आणि ऐंशीवर काढ, झोपून जाऊ नकोस.