चौथा रकाना

मनपा शाळा नंबर बावीसमध्ये
मी तिसरीला भागाकार शिकवायचे.
त्या मे महिन्यात हातात यादी आली :
साठीच्या वरचे, साखरेचे, दम्याचे.
चौथा रकाना : घर क्रमांक.

ठगूबाई पांझरेच्या काठाला,
लिंबाखाली, फ्लेक्सच्या आडोशात.
फ्लेक्सवर कुणाचा तरी हसरा वाढदिवस.
ऑक्सिमीटरला तिचं बोट सापडेना,
उभा जन्म शेंगा फोडून
बोटांची लाकडं झालेली.
अंगठ्यावर कसाबसा आकडा आला. ब्याण्णव.

क्रमांकाशिवाय खाट नाही, शिधा नाही.
वॉर्डातले निकुंभ म्हणाले,
"मॅडम, रकाना रिकामा नको."
मी माझ्या घराचा घातला.

मग रोज अकराला
नियंत्रण कक्षाचा फोन मला :
"ठगूबाई आहेत का? धाप लागते का?"
मी स्कूटीवर, डोक्याला ओला रुमाल, नदीकडे.
ती लांबूनच ओरडायची,
"जित्ती शे माय, लिखी ले!"

पुढं फोन थांबले.
लिंबाखाली आता गाड्या लागतात.
ती कुठं गेली, निकुंभांच्या रजिस्टरात नाही.

परवा पालिकेचा कागद आला,
घरातील व्यक्ती : पाच.
आम्ही चौघं.
दुरुस्तीसाठी खिडकी दोन, दुपारी तीनपर्यंत.

मी अजून गेलेले नाही.